२०११ भारतीय ग्रांप्री

२०११ भारतीय ग्रांप्री ही ३० ऑक्टोबर २०११ रोजी उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर झालेली फॉर्म्युला वन शर्यत होती. २०११ फॉर्म्युला वन हंगामातील १९ शर्यतींपैकी ही १७वी शर्यत असून भारतात झालेली ही पहिलीच फॉर्म्युला वन शर्यत होय. ६० फेऱ्यांची ही शर्यत रेड बुल रेसिंगच्या सेबास्टियान फेटेल याने जिंकली. मॅकलारेनचा जेन्सन बटन दुसऱ्या आणि फेरारीचा फर्नांदो अलोन्सो तिसऱ्या क्रमांकावर आला.

शर्यतीपूर्वीच चालकांचे आणि संघांचे अशी दोन्ही जागतिक अजिंक्यपदे निश्चित झालेली होती. त्यामुळे या सप्ताहांताकडे पाहताना अजिंक्यपदापेक्षा वेगळेच प्रश्न पुढे होते. नवे सर्किट वेळेत तयार होईल का, चालकांना ते मानवेल का, प्रेक्षक येतील का आणि मोटर शर्यतींची मर्यादित परंपरा असलेल्या देशात ही शर्यत रुजेल का, हे ते प्रश्न होत. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तीन दिवसांत मिळाली. चौथ्याचे उत्तर मिळण्यास दोन वर्षे लागली.

पार्श्वभूमी

भारतात मोटर शर्यतींची परंपरा जुनी असली तरी ती काही शहरांपुरती आणि मुख्यतः दक्षिण भारतात टिकून राहिली. चेन्नईजवळील शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत असत. पुढे चेन्नईजवळच इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइंबतूर येथे शर्यतींसाठी कायमस्वरूपी सर्किटे बांधण्यात आली. कोइंबतूरचे सर्किट भारतीय मोटर शर्यतींतील अग्रणी एस. करिवर्धन यांच्या नावाने ‘कारी मोटर स्पीडवे’ म्हणून ओळखले जाते. फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेले नरेन कार्तिकेयन आणि करुण चंडोक हे दोन्ही भारतीय चालक तामिळनाडूतील असणे हा योगायोग नव्हता.

भारतात ग्रांप्री भरवण्याच्या प्रयत्नांना २००७ मध्ये निश्चित स्वरूप आले. त्या वर्षी फॉर्म्युला वनचे व्यावसायिक प्रमुख बर्नी एकलस्टन आणि भारतीय आयोजक यांच्यात बोलणी होऊन दिल्लीच्या परिसरात शर्यत घेण्याचे ठरले. शर्यतीसाठी आधी २००९ आणि नंतर २०१० हे वर्ष सांगण्यात आले. पण सर्किटच तयार नसल्याने ती दोनदा पुढे गेली आणि अखेर २०११ च्या वेळापत्रकात समाविष्ट झाली. सर्किटची उभारणी आणि शर्यतीचे आयोजन जेपी समूहातील जेपी स्पोर्ट्स इंटरनॅशनल या कंपनीने केले. शर्यतीचे प्रायोजकत्व एअरटेल या दूरसंचार कंपनीकडे होते.

सर्किट

बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात असून गौतम बुद्धांच्या नावावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. त्याचा आराखडा जर्मन वास्तुविशारद हेर्मान टिल्के यांनी केला. सर्किटची लांबी ५.१२५ किमी असून त्यावर १६ वळणे आहेत. शर्यतीचे एकूण अंतर ३०७.२४९ किमी होते. १८ ऑक्टोबर २०११ रोजी, म्हणजे शर्यतीच्या अवघे १२ दिवस आधी, सर्किटचे औपचारिक उद्‌घाटन झाले.

सपाट प्रदेशात असूनही सर्किटवर मुद्दाम चढउतार निर्माण करण्यात आले आहेत. तिसऱ्या वळणाकडे जाणारा रस्ता चढाचा आहे आणि वळणाच्या तोंडाशी तो रुंद केलेला आहे. रस्ता रुंद असला की मागील चालकाला आतल्या किंवा बाहेरच्या बाजूने वेगळी वाट निवडता येते आणि पुढच्या गाडीला ओलांडण्याची संधी वाढते. या वळणानंतर एक किलोमीटरहून अधिक लांबीचा सरळ पट्टा येतो. दहाव्या ते बाराव्या वळणांचा लांबलचक वाकलेला भाग चालकांच्या विशेष पसंतीस उतरला. तेथे गाडीवर बराच काळ बाजूने ताण येत असल्याने टायरची झीजही अधिक होते.

शर्यतीपूर्व स्थिती

अजिंक्यपदाची स्थिती

९ ऑक्टोबर २०११ रोजी सुझुका येथील जपानी ग्रांप्रीत तिसरा क्रमांक मिळवून फेटेलने सलग दुसरे चालकांचे अजिंक्यपद निश्चित केले होते. पुढच्याच आठवड्यात, १६ ऑक्टोबर रोजी, कोरियन ग्रांप्रीत रेड बुलने संघांचे अजिंक्यपदही मिळवले. भारतात येताना फेटेलचे ३४९ गुण होते. त्याच्या मागे बटन (२२२), अलोन्सो (२१२), मार्क वेबर (२०९) आणि लुइस हॅमिल्टन (१९६) असा क्रम होता. दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकांतील अंतर केवळ २६ गुणांचे, म्हणजे एका विजयाला मिळणाऱ्या २५ गुणांपेक्षा एकानेच अधिक असल्याने, उपविजेतेपदाची चुरस कायम होती.

संघांच्या क्रमवारीत रेड बुल (५५८), मॅकलारेन (४१८) आणि फेरारी (३१०) हे पहिले तीन संघ होते. यजमान देशाच्या दृष्टीने मात्र सहाव्या क्रमांकाची लढत अधिक महत्त्वाची होती. फोर्स इंडियाचे ४९, सौबरचे ४० आणि तोरो रोस्सोचे ३७ गुण होते. संघांना मिळणाऱ्या बक्षिसाच्या रकमेचा वाटा हंगामाअखेरच्या क्रमवारीवर ठरत असल्याने लहान संघांसाठी हे काही गुण मोलाचे होते.

भारतीय सहभाग

फोर्स इंडिया हा विजय मल्ल्या यांच्या मालकीचा, इंग्लंडमधील सिल्वरस्टोन येथून काम करणारा आणि भारतीय परवान्यावर उतरणारा संघ होता. ऑक्टोबर २०११ मध्ये सहारा समूहाने संघाची ४२.५ टक्के भागीदारी घेतली आणि संघाचे नाव ‘सहारा फोर्स इंडिया’ झाले. संघाचे दोन्ही चालक, जर्मनीचा एड्रियान सुटिल आणि स्कॉटलंडचा पॉल डि रेस्टा, मात्र परदेशी होते.

फॉर्म्युला वनमध्ये भाग घेणारा पहिला भारतीय चालक नरेन कार्तिकेयन याने २००५ मध्ये जॉर्डन संघातून पदार्पण केले होते. २०११ च्या हंगामात त्याने एचआरटी संघाकडून पहिल्या आठ शर्यतींत भाग घेतला. ब्रिटिश ग्रांप्रीपासून त्याची जागा डॅनियल रिकार्डो याला देण्यात आली. भारतातील शर्यतीसाठी एचआरटीने वितांतोनियो लिउझ्झी याच्या जागी कार्तिकेयनला पुन्हा संधी दिली. करुण चंडोक हा टीम लोटसचा राखीव चालक होता. त्याने त्याच वर्षी जर्मन ग्रांप्रीत संघाची गाडी चालवली होती. मायदेशातील शर्यतीतही त्याला उतरवले जाईल अशी अपेक्षा होती, पण संघाने त्याला केवळ शुक्रवारच्या पहिल्या सराव सत्रापुरती गाडी दिली.

दोन मृत्यूंचे सावट

शर्यतीच्या आधीचे दोन रविवार मोटर क्रीडाक्षेत्रासाठी दुःखद ठरले. १६ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील लास वेगास येथे इंडीकार मालिकेच्या शर्यतीत १५ गाड्यांच्या अपघातात ब्रिटिश चालक डॅन व्हेल्डन याचा मृत्यू झाला. इंडियानापोलिस ५०० ही शर्यत तो २००५ आणि २०११ मध्ये जिंकला होता. २३ ऑक्टोबर रोजी मलेशियातील सेपांग येथे मोटोजीपी शर्यतीत इटलीचा २४ वर्षीय मोटारसायकलपटू मार्को सिमोन्चेली मरण पावला. अनेक फॉर्म्युला वन चालकांचा या दोघांशी परिचय होता. त्यामुळे भारतात दाखल झालेल्या चालकांच्या बोलण्यात नव्या सर्किटइतकाच सुरक्षिततेचाही विषय होता.

वाद

शर्यतीच्या आयोजनावर अनेक बाजूंनी आक्षेप घेण्यात आले. यमुना द्रुतगती मार्गाच्या परिसरातील भूसंपादनाच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांमध्ये असंतोष होता. काही शेतकऱ्यांनी शर्यतीत व्यत्यय आणण्याचा इशाराही दिला. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने ही शर्यत क्रीडास्पर्धेपेक्षा मनोरंजनाच्या स्वरूपाची असल्याची भूमिका घेतल्यामुळे गाड्या व साहित्याच्या आयातीवरील सीमाशुल्काची सवलत नाकारली गेली. उत्तर प्रदेश सरकारने करमणूक करात दिलेल्या सवलतीलाही न्यायालयात आव्हान देण्यात आले. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिकीटविक्रीच्या उत्पन्नातील २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचा आदेश आयोजकांना दिला. ज्या देशात साध्या क्रीडासुविधाही अपुऱ्या आहेत तेथे एवढा खर्च कशासाठी, असा सवाल धावपटू पी. टी. उषा यांच्यासह अनेकांनी केला. समर्थकांच्या मते शर्यतीमुळे देशाची तांत्रिक व संघटनात्मक क्षमता जगापुढे येणार होती. आदल्या वर्षीच्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तयारीवर झालेल्या टीकेनंतर या मुद्द्याला विशेष वजन आले होते.

सप्ताहांताचे स्वरूप

२०११ च्या नियमांनुसार शुक्रवारी प्रत्येकी ९० मिनिटांची दोन आणि शनिवारी सकाळी ६० मिनिटांचे एक सराव सत्र होत असे. शनिवारी दुपारी होणाऱ्या पात्रता फेरीचे २०, १५ आणि १० मिनिटांचे तीन टप्पे होते. पहिल्या दोन टप्प्यांत प्रत्येकी सात चालक बाद होऊन उरलेले दहा जण पोल पोझिशनसाठी, म्हणजे शर्यतीतील पहिल्या स्थानासाठी, झगडत. पहिल्या टप्प्यातील सर्वोत्तम वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत वेळ न नोंदवणाऱ्या चालकाला पंचांच्या खास परवानगीशिवाय शर्यतीत भाग घेता येत नसे.

नव्या सर्किटवर या वेळापत्रकाला वेगळेच महत्त्व येते. नेहमीच्या सर्किटवर संघांकडे आधीच्या वर्षांची माहिती असते. येथे संगणकीय प्रतिरूपावर केलेला सराव एवढाच आधार होता. नव्या डांबरावर टायरच्या रबराचा थर बसलेला नसल्याने पकड कमी असते, आणि मुख्य मार्ग सोडल्यास धूळ असते. जसजशा गाड्या धावतात तसतसा मार्ग वेगवान होत जातो. त्यामुळे शुक्रवारी योग्य वाटलेली गाडीची मांडणी रविवारी योग्य राहीलच असे नसते.

टायरपुरवठादार पिरेलीने सावधगिरी म्हणून ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ असे दोन प्रकार आणले होते. कोरड्या शर्यतीत दोन्ही प्रकार वापरणे बंधनकारक असल्याने, वेगवान सॉफ्ट टायर किती फेऱ्या टिकतात यावर प्रत्येक संघाचे डावपेच अवलंबून होते. गाडीचा मागील पंखा उघडून हवेचा विरोध कमी करणाऱ्या डीआरएस यंत्रणेसाठी सर्किटवर दोन पट्टे आखण्यात आले होते. शर्यतीत पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलेल्या चालकालाच ती वापरता येत असे.

सराव

शुक्रवारच्या पहिल्या सत्रात एक भटका कुत्रा मार्गावर आल्याने सराव काही काळ थांबवावा लागला. ही घटना जगभरच्या वृत्तांतांत झळकली. मार्गावर धूळ असल्याने सुरुवातीला अनेक गाड्या घसरल्या. या सत्रात हॅमिल्टनने, तर दुसऱ्या सत्रात फेरारीच्या फिलिपे मास्सा याने सर्वांत वेगवान वेळ नोंदवली. पहिल्या सत्रात पिवळे झेंडे दाखवले जात असताना वेग कमी न केल्याबद्दल हॅमिल्टन आणि सौबरचा सेर्गिओ पेरेझ यांना सुरुवातीच्या क्रमवारीत प्रत्येकी तीन स्थाने मागे जाण्याची शिक्षा झाली.

पात्रता फेरी

फेटेलने १ मिनिट २४.१७८ सेकंदांची वेळ नोंदवून पोल पोझिशन मिळवली. हंगामातील ही त्याची १३वी, तर रेड बुलची १६वी पोल पोझिशन होती. एका हंगामात कोणत्याही संघाने मिळवलेल्या पोल पोझिशनचा हा नवा उच्चांक ठरला. याआधी कोणत्याही संघाने १५ चा आकडा ओलांडलेला नव्हता.

हॅमिल्टनने दुसरी वेळ नोंदवली, पण शिक्षेमुळे तो पाचव्या स्थानावर गेला. परिणामी वेबर दुसऱ्या, अलोन्सो तिसऱ्या आणि बटन चौथ्या स्थानावरून सुरुवात करणार होते. मास्साची गाडी मार्गाच्या कडेच्या उंच कर्बवर आदळून तिचे पुढचे सस्पेन्शन तुटले. त्याला सहावे स्थान मिळाले. सुटिलने फोर्स इंडियासाठी आठवे स्थान मिळवले. रेनोल्टच्या विताली पेत्रोव याला कोरियातील टकरीबद्दल पाच स्थानांची शिक्षा झाली होती. व्हर्जिन संघाच्या टिमो ग्लॉक याला १०७ टक्क्यांची मर्यादा गाठता आली नाही, तरी पंचांनी त्याला शर्यतीत उतरण्याची परवानगी दिली.

शर्यत

शर्यत सुरू होण्यापूर्वी व्हेल्डन आणि सिमोन्चेली यांच्या स्मरणार्थ चालकांनी एक मिनिट मौन पाळले. रविवारी सुमारे ९५,००० प्रेक्षक उपस्थित असल्याचे सांगण्यात आले.

सुरुवातीला फेटेलने आघाडी राखली. पहिल्या वळणापाशी मागच्या गटात अनेक गाड्या एकमेकांवर आदळल्या. त्यामुळे सौबरचा कामुइ कोबायाशी पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि ग्लॉकलाही लवकरच माघार घ्यावी लागली. बटनने पहिल्याच फेरीत अलोन्सो आणि वेबर यांना मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला आणि तो अखेरपर्यंत टिकवला. फेटेल आणि बटन यांच्यातील अंतर काही सेकंदांचेच होते, पण बटनला कधीही हल्ला करण्याइतके जवळ जाता आले नाही.

शर्यतीतील सर्वांत चर्चिली गेलेली घटना २४व्या फेरीत घडली. पाचव्या वळणाकडे जाताना हॅमिल्टनने मास्साला आतल्या बाजूने ओलांडण्याचा प्रयत्न केला आणि दोघांची टक्कर झाली. त्या हंगामात या दोघांच्या गाड्या याआधीही अनेकदा एकमेकांवर आदळल्या होत्या. या वेळी पंचांनी मास्साला दोषी धरून ड्राइव्ह-थ्रू शिक्षा, म्हणजे पिट मार्गातून मर्यादित वेगाने जाण्याची शिक्षा, दिली. हॅमिल्टनला गाडीचे पुढचे पंख बदलण्यासाठी थांबावे लागले. काही फेऱ्यांनंतर मास्साची गाडी पुन्हा कर्बवर आदळून सस्पेन्शन तुटले आणि त्याची शर्यत संपली.

अलोन्सोने दुसऱ्या पिट स्टॉपच्या वेळी वेबरला मागे टाकून तिसरा क्रमांक मिळवला. मर्सिडीजच्या मिखाएल शुमाखर यानेही अशाच प्रकारे सहकारी निको रॉसबर्ग याच्या पुढे जात ११व्या स्थानावरून पाचव्या क्रमांकापर्यंत मजल मारली. सुटिलने नववा क्रमांक मिळवून फोर्स इंडियाला दोन गुण मिळवून दिले. डि रेस्टा १३वा आला. कार्तिकेयन १७व्या क्रमांकावर राहिला. संघातील ज्या रिकार्डोला त्याची जागा मिळाली होती, त्याच्या तो पुढे होता.

फेटेलने बटनला ८.४३३ सेकंदांनी हरवले. शेवटच्या, म्हणजे ६०व्या फेरीत त्याने १ मिनिट २७.२४९ सेकंदांची शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी पूर्ण केली. पोल पोझिशन, विजय, सर्वांत वेगवान फेरी आणि सर्व फेऱ्यांत आघाडी या चारही गोष्टी एकाच शर्यतीत साधण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. हंगामातील त्याचा हा ११वा विजय होता. विजेत्याला चौकटींचा झेंडा क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांनी दाखवला, तर विजेत्याचा चषक उत्तर प्रदेशच्या तत्कालीन मुख्यमंत्री मायावती यांच्या हस्ते देण्यात आला.

निकाल

| क्रमांक | चालक | संघ | सुरुवातीचे स्थान | गुण |
|---|---|---|---|---|
| १ | सेबास्टियान फेटेल | रेड बुल | १ | २५ |
| २ | जेन्सन बटन | मॅकलारेन | ४ | १८ |
| ३ | फर्नांदो अलोन्सो | फेरारी | ३ | १५ |
| ४ | मार्क वेबर | रेड बुल | २ | १२ |
| ५ | मिखाएल शुमाखर | मर्सिडीज | ११ | १० |
| ६ | निको रॉसबर्ग | मर्सिडीज | ७ | ८ |
| ७ | लुइस हॅमिल्टन | मॅकलारेन | ५ | ६ |
| ८ | हाइमे अल्गेर्सुआरी | तोरो रोस्सो | १० | ४ |
| ९ | एड्रियान सुटिल | फोर्स इंडिया | ८ | २ |
| १० | सेर्गिओ पेरेझ | सौबर | २० | १ |

शर्यतीनंतरची स्थिती

शर्यतीनंतर फेटेलचे ३७४, बटनचे २४०, अलोन्सोचे २२७, वेबरचे २२१ आणि हॅमिल्टनचे २०२ गुण झाले. उपविजेतेपद अखेर बटनला मिळाले. संघांच्या क्रमवारीत फोर्स इंडिया ५१ गुणांसह सहाव्या स्थानी राहिला, तर तोरो रोस्सो आणि सौबर यांचे प्रत्येकी ४१ गुण झाले. फोर्स इंडियाने हे सहावे स्थान हंगामाअखेरपर्यंत राखले.

परिणाम

भटका कुत्रा आणि मार्गावरील धूळ वगळता सप्ताहांत सुरळीत पार पडला. सर्किटचा वेग आणि चढउतार यांचे चालकांनी कौतुक केले. २०१२ आणि २०१३ मध्येही याच सर्किटवर भारतीय ग्रांप्री झाली. त्या दोन्ही शर्यती फेटेलनेच जिंकल्या. २७ ऑक्टोबर २०१३ रोजीच्या विजयासह त्याने येथेच आपले सलग चौथे अजिंक्यपद निश्चित केले.

आयोजकांचा करार पाच वर्षांचा असूनही शर्यत तीनदाच होऊ शकली. २०१४ च्या वेळापत्रकातून ती वगळण्यात आली आणि त्यानंतर परत आली नाही. पहिल्या शर्यतीपूर्वीच उपस्थित झालेले सीमाशुल्क, करमणूक कर आणि प्राप्तिकर यांचे प्रश्न सुटले नव्हते. फॉर्म्युला वनच्या व्यावसायिक हक्कांची मालक असलेली परदेशी कंपनी भारतात कर देण्यास पात्र आहे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०१७ मध्ये न्यायालयाने शर्यतीच्या काळात सर्किट हे त्या कंपनीचे भारतातील ‘स्थायी आस्थापन’ ठरते, असा निर्णय देऊन तिचे येथील उत्पन्न करपात्र ठरवले. काही दिवसांपुरत्या होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या कर आकारणीच्या संदर्भात हा निर्णय महत्त्वाचा मानला जातो.

सर्किटचा वापर पुढे देशांतर्गत शर्यती आणि वाहनांच्या चाचण्यांसाठी होत राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. ती इटलीच्या मार्को बेझेक्की याने जिंकली.